वाचा-उपचारतज्ज्ञाची घडण : पदवी, नोंदणी आणि घरची भाषा

मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नाही, वडिलांना पक्षाघातानंतर शब्द सुचत नाहीत, शाळेतील बाईंचा आवाज वर्षातून चार वेळा बसतो, अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांना आपण सारेच ‘एकदा स्पीच थेरपिस्टला दाखवा’ असा सल्ला देतो. बालरोगतज्ज्ञ देतात, मज्जाविकारतज्ज्ञ देतात, आम्ही कान-नाक-घशाचे डॉक्टर तर रोजच देतो. आणि ज्यांच्या शब्दावर कुटुंबाचा सर्वाधिक विश्वास असतो ते कौटुंबिक वैद्यही देतात. मात्र ज्या व्यक्तीकडे आपण रुग्ण सोपवितो ती काय शिकलेली असते, किती वर्षे शिकलेली असते आणि हा व्यवसाय करण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला असतो, याची चौकशी आपल्याकडून क्वचितच होते.

दुसऱ्या बाजूने हाच प्रश्न आपल्या घरात येतो. बारावी झालेली मुलगी किंवा भाची विचारते की वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही तर या शाखेला जावे काय. त्यावर ‘चांगली लाइन आहे’ यापलीकडे आपल्यापाशी सांगण्यासारखे फारसे नसते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र द्यावीत, आणि आपण हैदराबादकर मराठी मंडळी असल्यामुळे त्या उत्तरांत जो एक अधिक पैलू येतो तोही मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कार्यक्षेत्र

वाचा-उपचार म्हणजे बोबड्या मुलाकडून ‘र’ वदवून घेणे, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. उच्चारदोष हा या शास्त्राचा एक भाग खरा, पण लहानसा भाग. मुदतपूर्व जन्मलेल्या अर्भकाला चोखणे आणि गिळणे यांचा मेळ जमत नसेल, तर तेथे या तज्ज्ञाचे काम सुरू होते. फाटलेला ओठ व दुभंगलेली टाळू शस्त्रक्रियेने जुळविली तरी हवा नाकावाटे निसटण्याची सवय शस्त्रक्रियेने जात नाही. ती उपचारानेच घालवावी लागते. कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेल्या मुलाला आवाज ऐकू येऊ लागतो, परंतु आवाजाचा अर्थ लावणे त्याला शिकवावे लागते, आणि ते काम काही वर्षे चालते. स्वमग्न मुलाच्या बाबतीत उच्चार हा प्रश्नच नसतो. संवादाची गरज वाटणे हाच मूळ प्रश्न असतो. तोतरेपणा, आवाजाच्या पट्ट्यांवरील गाठी, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढल्यानंतर बोलण्याची नवी रीत शिकणे, पार्किन्सनच्या विकारात क्षीण होत जाणारा आवाज, मेंदूच्या आघातानंतरचा वाचाघात, ही सारी याच शास्त्राची अंगे होत.

गिळण्याच्या विकारांचा उल्लेख मुद्दाम वेगळा करावासा वाटतो, कारण आपल्यापैकी अनेकांना तो या शाखेशी जोडण्याची सवय नाही. पक्षाघाताच्या रुग्णाला तोंडाने पाणी कधी द्यावे, पातळ द्यावे की घट्ट, मान कोणत्या बाजूस वळवून घोट गिळावा, याचा निर्णय चुकला तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि मेंदूच्या आघातातून वाचलेला रुग्ण फुफ्फुसाच्या संसर्गाने दगावतो. अतिदक्षता विभागात उभे राहून हा निर्णय घेण्यास जी व्यक्ती मदत करते, तिचे शिक्षण तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर भागणारे नाही, हे वेगळे सांगावयास नको.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे वैद्यकीय पदवीधरांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे होते, तशी या तज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ही परिषद १९८६ साली नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली; १९९२ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला आणि २२ जून १९९३ पासून ती त्या स्वरूपात काम करू लागली. कायद्यात पुनर्वसन व्यावसायिकांची जी यादी दिली आहे, तिच्या अगदी आरंभी श्रवणतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ यांचा उल्लेख आहे. परिषद अभ्यासक्रम ठरविते, संस्थांना मान्यता देते आणि केंद्रीय पुनर्वसन नोंदवही ठेवते. या नोंदवहीत नाव असल्याखेरीज पुनर्वसन व्यावसायिक म्हणून भारतात कोठेही व्यवसाय करता येत नाही. कलम १३ नुसार त्याचे उल्लंघन करणारास एक वर्षापर्यंत कैद, अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण तरतूद स्पष्ट आहे.

तरीही ‘स्पीच थेरपी’ची पाटी लावून बसलेल्या प्रत्येकाचे नाव त्या नोंदवहीत असते असे नाही. कोणी मानसशास्त्राचे पदवीधर असतात, कोणी विशेष शिक्षणाचे शिक्षक असतात, तर कोणी एखादी कार्यशाळा करून आलेले असतात. यांपैकी कित्येकजण मनापासून काम करतात, हे मान्य केले पाहिजे. कर्णबधिर मुलांच्या शिक्षकाचे कामही मोलाचे आहे आणि त्याची स्वतंत्र नोंदणी त्याच परिषदेत होते. मात्र तो वर्ग वेगळा आणि अधिकार वेगळा. आपण क्ष-किरण तंत्रज्ञाकडून अहवालावर सही घेत नाही, तोच न्याय येथेही लावला पाहिजे. रुग्ण पाठविताना नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? मान्यताप्राप्त पदवीधर तो आनंदाने सांगतो. ही नोंदणी कायमची नसते. ठरावीक मुदतीनंतर तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त शिबिरे व परिसंवाद यांतून शिक्षण चालू ठेवल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून क्रमांकाबरोबर त्याची मुदतही पहावी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या विषयाला आणखी वजन आले आहे. त्या कायद्यातील २१ दिव्यांगत्वांत वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा स्वतंत्र समावेश असून स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा वाचाघातामुळे आलेले कायमचे वैगुण्य त्यात मोडते. अशा रुग्णास प्रमाणपत्र मिळायचे तर वाचा व भाषेचे मोजमाप कोणीतरी शास्त्रशुद्ध रीतीने केलेले असावे लागते.

शिक्षणाचा मार्ग

भारतात या शिक्षणाची मुहूर्तमेढ १९६० च्या दशकात रोवली गेली. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याच दशकात अभ्यासक्रम सुरू झाला. म्हैसूरची संस्था १९६५ साली स्थापन झाली. तिचे प्रथमचे नाव ‘इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स’ असे होते. पुढे ती अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था निघाली. येथे हैदराबादकरांना थोडे थांबण्याचा मोह होणारच. अली यावर जंग हे उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढे देशाचे राजदूत झाले आणि १९७१ पासून १९७६ मध्ये निधन होईपर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल होते. अशा गृहस्थाच्या नावाची संस्था मुंबईत असावी आणि तिचे दक्षिण विभागीय केंद्र सिकंदराबादच्या मनोविकासनगरात असावे, हा योग आपल्या समाजाला सुखावणारा आहे. म्हैसूरची संस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे, तर मुंबईची सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे. हा व्यवसाय रुग्णालय आणि पुनर्वसन या दोन्ही घरांचा पाहुणा असल्याचे ते लक्षण म्हणावे लागेल.

आजची मूळ पात्रता म्हणजे श्रवणशास्त्र व वाचा-भाषाविकारशास्त्र या विषयाची पदवी. ‘बी.ए.एस.एल.पी.’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. पूर्वी हीच पदवी काही विद्यापीठांतून ‘बी.एस्सी. (स्पीच अँड हिअरिंग)’ या नावाने मिळत असे, त्यामुळे ज्येष्ठ तज्ज्ञांच्या पाटीवर ती अक्षरे दिसली तर गोंधळून जाऊ नये. बारावीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र आणि त्यांच्या जोडीला जीवशास्त्र, गणित अथवा परिषदेने मान्य केलेला दुसरा विषय असावा लागतो. जीवशास्त्र नसलेल्या विद्यार्थ्यालाही हे दार उघडे असते, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. प्रवेशाची रीत मात्र सर्वत्र सारखी नाही. म्हैसूरची संस्था स्वतःची अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा घेत आली आहे. महाराष्ट्रात शासकीय प्रवेशप्रक्रियेत ‘नीट’चे गुण धरले जातात. हे नियम बदलत राहतात, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्याच वर्षीची माहितीपत्रिका वाचावी, शेजारच्यांच्या मुलीने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये.

अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. तीन वर्षे अध्ययन आणि शेवटचे वर्ष आंतरवासितेचे, आपल्या इंटर्नशिपसारखेच. विषयांची यादी पाहिली तर वैद्यकीय वाचकांना आश्चर्य वाटेल. कान, स्वरयंत्र, जीभ व टाळू यांची शरीररचना, मज्जासंस्था, ध्वनीचे भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, आणि मग श्रवणमापन, श्रवणयंत्रे, आवाजाचे विकार, तोतरेपणा, बालकांचे व प्रौढांचे भाषाविकार. विज्ञान आणि मानव्यविद्या यांना इतक्या सहजपणे एका बाकावर बसविणारा दुसरा पदवी अभ्यासक्रम माझ्या पाहण्यात नाही. पदवीच्या पातळीवर श्रवण आणि वाचा हे दोन्ही विषय एकत्र शिकविले जातात, आणि ते योग्यच आहे. न बोलणाऱ्या मुलाची पहिली तपासणी कानाचीच असली पाहिजे. या पदवीनंतर नोंदणी करून स्वतंत्र व्यवसाय करता येतो.

पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. पूर्वी तीही एकत्र असे. पुढे वाचा-भाषाविकारशास्त्र आणि श्रवणशास्त्र अशा दोन स्वतंत्र शाखा झाल्या. अध्यापन, संशोधन आणि मोठ्या रुग्णालयातील विशेष काम यांसाठी ही पायरी चढावीच लागते. त्यानंतर पीएच.डी. आहे. म्हैसूरला पदव्युत्तर पदविकाही चालतात. त्यांत वाचातज्ज्ञांसाठी चिकित्सात्मक भाषाशास्त्राची एक आहे आणि न्यायवैद्यक वाक्शास्त्राचीही एक आहे. ध्वनिमुद्रणातील आवाज कोणाचा हे ठरविण्याचे काम या दुसऱ्या शाखेत येते.

याखेरीज श्रवण, भाषा व वाचा या विषयाची एक वर्षाची पदविका असते. ती बारावीनंतर करता येते. पदविकाधारकाची भूमिका साहाय्यकाची, तंत्रज्ञाची. निदान व उपचाराचा आराखडा पदवीधराने करावयाचा आणि पदविकाधारकाने त्याच्या देखरेखीखाली काम करावयाचे, अशी ती रचना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी या मनुष्यबळाचा उपयोग फार मोठा आहे. मात्र पदविका आणि पदवी यांतील फरक रुग्णाच्या नातेवाइकांना कळत नाही. तो आपल्याला कळला पाहिजे.

भाषाशास्त्रात किंवा मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या कित्येकांना या क्षेत्राची ओढ वाटते आणि ते थेट पदव्युत्तर वर्गात शिरता येईल काय असे विचारतात. तसे येत नाही. पदव्युत्तर प्रवेशासाठी याच विषयाची मान्यताप्राप्त पदवी लागते, म्हणजे पुन्हा बारावीनंतरच्या पायरीवर यावे लागते. हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. परंतु रुग्णासमोर घालविलेल्या तासांना पर्याय नाही, हीच या अटीमागची भूमिका आहे.

नोकरीच्या संधी रुग्णालये, कर्णबधिर विद्यालये व खासगी केंद्रांपुरत्या मर्यादित राहिलेल्या नाहीत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर जी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे योजिली आहेत, त्यांच्या कर्मचारिवर्गात श्रवण व वाचातज्ज्ञाचे पद आहे. परदेशाचे आकर्षणही आहेच. अमेरिकेत मात्र भारतीय पदवी पुरत नाही. तेथे पदव्युत्तर पदवी हीच किमान पात्रता असून तेथील राष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी शिक्षणकाळात ४०० तासांचा रुग्णानुभव, एक राष्ट्रीय परीक्षा आणि नंतर किमान ३६ आठवड्यांची देखरेखीखालील उमेदवारी लागते. शिवाय राज्याचा परवाना निराळा. ज्यांना जावयाचे ते जातीलच. जे येथे राहतात त्यांची संख्या आपल्या गरजेच्या मानाने तोकडी पडते, आणि त्यांतही मराठी जाणणारे शोधू गेले तर बोटांवर मोजावे लागतात.

पदवीत न लिहिलेली पात्रता

येथे त्या अधिकच्या पैलूकडे वळतो. हाडाचा उपचार हाडाच्या भाषेत होतो; ते तेलुगू असो वा मराठी, सारख्याच रीतीने जुळते. वाचेचे तसे नाही. येथे भाषा हाच रोगाचा अवयव आणि भाषा हेच औषध. तथापि कोणत्याही पदवीपत्रावर ‘ही व्यक्ती अमुक भाषेत उपचार करण्यास पात्र आहे’ असे लिहिलेले नसते.

उच्चारांचेच पाहू. ‘चार’ या संख्येतील च आणि गुरांच्या ‘चारा’ या शब्दातील च हे लिहिण्यात एक असले तरी उच्चारात दोन आहेत. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. ज आणि झ यांचीही तीच गत. ‘झेंडा’ आणि ‘झाड’ म्हणून पहावे. शिवाय ळ, ण, आणि ‘म्हैस’, ‘न्हाणी’, ‘कुल्हड’ यांतील हकारयुक्त ध्वनी. हिंदी माध्यमात शिकलेला तज्ज्ञ ‘चारा’चा मराठी उच्चार दोष म्हणून नोंदविण्याचा संभव असतो, आणि मुलाला ळ येत नाही हे त्याच्या ध्यानातच न येण्याचाही. गंमत अशी की तेलुगू तज्ज्ञाला ही अडचण कमी येते, कारण ळ आणि ण तेलुगूत आहेत आणि दंत्य च सुद्धा आहे. शेजाऱ्यांच्या शतकानुशतकांच्या सहवासाचा हा असाही एक लाभ!

उलटपक्षी, हैदराबादेतील मराठी मूल ‘काळा’ऐवजी ‘काला’ म्हणते तेव्हा तो विकार मानावा की दख्खनीचा परिणाम? त्या मुलाचा सारा दिवस उर्दू-हिंदी बोलणाऱ्या सवंगड्यांत जात असेल आणि इतर उच्चार निर्दोष असतील, तर तो बहुधा भाषासंपर्काचा परिणाम आहे. त्याला उपचार नको, आजीच्या गोष्टी हव्यात. पण तेच मूल ट-ड-ण या साऱ्यांच्या जागी त-द-न म्हणत असेल तर गोष्ट निराळी. भेद आणि दोष यांतील ही रेघ ओढण्यास भाषा आतून ठाऊक असावी लागते.

व्याकरणात हा प्रश्न अधिक खोल जातो. मराठीत तीन लिंगे. तेलुगूत एकवचनात पुरुषवाचक व इतर अशी विभागणी. मराठीत ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी केळे खाल्ले’ असे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. वाचाघाताच्या एका प्रकारात रुग्णाच्या बोलण्यातून नेमके हेच प्रत्यय गळून पडतात. ते गळले आहेत हे ज्याला ऐकू येईल त्यालाच त्यावर उपचार योजता येईल. चाचण्यांचे नुसते भाषांतर करून म्हणूनच भागत नाही. इंग्रजी चाचणी इंग्रजीचे कठीण ध्वनी तपासते. तिचे शब्दशः मराठीकरण केले तर ळ तपासलाच जात नाही. ‘वेस्टर्न अफेजिया बॅटरी’ या प्रसिद्ध चाचणीची हिंदी, तेलुगू व कन्नड रूपे करताना अभ्यासकांना शब्द आणि वाक्ये त्या त्या भाषेतून नव्याने निवडावी लागली, ती याच कारणाने.

आपल्या शहराने या विषयाच्या अभ्यासात जगाला मोलाची भर घातली आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली दाखवून दिले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला. निरक्षरांतही हा फरक दिसला. २०१६ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात ६०८ पक्षाघाताचे रुग्ण होते. आघातानंतर आकलनशक्ती शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण बहुभाषकांत ४०.५ टक्के, तर एकभाषकांत १९.६ टक्के निघाले. मात्र वाचाघाताचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. दुसरी भाषा बुद्धीला सावरते, पण वाचेला आघातातून सूट मिळत नाही. म्हणजेच हैदराबादेत बहुभाषक वाचाघाताचे रुग्ण असणारच, आणि त्यांत मराठी असणारच.

अशा रुग्णाला कोणत्या भाषेत उपचार द्यावा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यावर दोन मते आहेत. रिबो या फ्रेंच पंडिताचे म्हणणे की प्रथम शिकलेली भाषा प्रथम परत येते. पित्र म्हणे, आघातापूर्वी जी सर्वाधिक वापरात होती ती. पुढील निरीक्षणांत दोन्ही प्रकारचे रुग्ण सापडले, आणि सर्व भाषा बरोबरीने परतणारेही पुष्कळ सापडले. आपल्या जुन्या पिढीचे उदाहरण घ्यावे. सुलतान बाजार, काचीगुडा भागातील कित्येकांचे घर मराठी, १९४८ पर्यंत उस्मानियातील उच्च शिक्षण उर्दूत, कचेरी पुढे इंग्रजीत आणि बाजारहाट तेलुगूत. त्या पिढीतील आता फार थोडे उरले आहेत. पण त्यांच्या मुलांची व नातवंडांचीही भाषांची घडी अशीच अनेक पदरी आहे. अशा गृहस्थाची तपासणी केवळ इंग्रजीत करून ‘बोलणे फारसे परतलेले नाही’ असा शेरा मारणे म्हणजे चार खोल्यांच्या घरातील एकाच खोलीत डोकावून घर रिकामे आहे म्हणण्यासारखे होय. शिकलेल्या तज्ज्ञाने, भाषा स्वतःला येत नसेल तेव्हाही, घरातील माणसाला शेजारी बसवून प्रत्येक भाषेत थोडे तरी तपासावे, आणि रुग्णाला पुढे कोणाशी व कोणत्या भाषेत बोलावयाचे आहे यावरून उपचाराची भाषा ठरवावी.

मुलांच्या बाबतीत तर आपल्याकडूनच एक सल्ला सर्रास दिला जातो : ‘मूल उशिरा बोलते आहे, घरात एकच भाषा ठेवा.’ आणि ती एक भाषा बहुधा इंग्रजी ठरते, कारण शाळा इंग्रजी. आजवरच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे भाषाविकार होतो, किंवा असलेला विकार वाढतो, असे आढळलेले नाही. स्वमग्न मुलांवरील अभ्यासांतही घरची भाषा चालू ठेवल्याने अपाय झाल्याचे दिसत नाही. उलट या सल्ल्याचा परिणाम घरात काय होतो ते पहावे. आईचे इंग्रजी मोजके, म्हणून तिची वाक्ये आखूड होतात. आजीला तर इंग्रजी येतच नाही, म्हणून ती नातवाशी बोलणेच सोडते. ज्या मुलाच्या कानावर अधिक बोलणे पडावयास हवे, त्याच्या वाट्याला अधिक शांतता येते. मराठी घरातून जाते ती अशी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून. नोंदणीकृत तज्ज्ञाकडे पाठवावे, तत्पूर्वी कानांची तपासणी करून घ्यावी, आणि भाषा बंद करण्याचा निर्णय आपण परस्पर देऊ नये.

दूरस्थ उपचाराची सोय २०२० नंतर झपाट्याने वाढली आहे. पुण्यामुंबईच्या मराठी तज्ज्ञाकडून पडद्यावर उपचार घेणे आता हैदराबादच्या कुटुंबास शक्य आहे. प्रौढांच्या वाचाघातात, तोतरेपणात, आई-वडिलांच्या मार्गदर्शनात तो उपयोगी पडतो. गिळण्याच्या विकारात मात्र प्रत्यक्ष तपासणीवाचून पाऊल टाकू नये. पडद्यापलीकडील व्यक्तीची पाटी आपणांस दिसत नाही, तेव्हा नोंदणी क्रमांक येथे दुप्पट आग्रहाने विचारावा.

आपल्या मंडळाला करता येण्याजोगे एक काम शेवटी सुचवितो. मनोविकासनगरच्या केंद्रात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आंतरवासितेत मराठी रुग्ण भेटतात, पण हाताशी मराठी साहित्य नसते. रोजच्या वापरातील शंभर-सव्वाशे वस्तूंची चित्रे जमवावीत. शब्द असे निवडावेत की प्रत्येक ध्वनी आरंभी, मध्ये व शेवटी येईल, आणि ते येथल्या मराठी घरात खरोखर बोलले जाणारे असतील. चाक, चूल, झाडू, जांभूळ, पळी, डाळ, चाळणी, कणीक, मोळी, म्हैस, केळे असे. प्रत्येक चित्रामागे तेलुगू लिपीतही शब्द लिहावा, म्हणजे तेलुगू विद्यार्थ्याला तो वाचता येईल. शब्दांची निवड कोणा पदव्युत्तर तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. चित्रे काढणारी मुले आपल्याच घरांतून मिळतील, आणि शब्दांचे खरे उच्चार ध्वनिमुद्रित करण्यासाठी आपल्या आज्या आहेतच.